आजोबांच्या मनगटावरचं स्विस नाव : फेव्हर ल्युबाच्या कामाच्या घड्याळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे आजोबांचं चावीचं ‘सी किंग’ आहे आणि मला डोंगरात हिंडायची सवय आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस फेव्हर ल्युबाच्या नादाला लागतोच. गेली काही वर्षं ओळखीचे, अनोळखी, ट्रेकला भेटलेले असे बरेच लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो.

नाव नेमकं कसं म्हणायचं?

दुकानात ‘फेव्हर ल्युबा’, घराघरांत ‘फेवरलुबा’, आणि आमच्या आजीच्या तोंडी ‘ते लुबाचं घड्याळ’. फ्रेंच बोलणारा स्विस माणूस साधारण ‘फाव्र-लबा’ म्हणेल. फाव्र आणि लबा ही दोन घराण्यांची आडनावं. मी फेव्हर ल्युबाच म्हणतो. आपल्याकडे दीडशे वर्षं हेच चाललंय.

कंपनी खरंच इतकी जुनी आहे?

हो. स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगररांगेत ल लोक्ल नावाचं गाव आहे. तिथल्या अब्राहम फाव्र या घड्याळ बनवणाऱ्याची नोंद १७३७ सालची आहे आणि कंपनी आपलं वय तिथपासून मोजते. स्विस घड्याळ्यांमध्ये याहून जुनं म्हणून ब्लांपां या एका नावाचा दाखला देतात, तो १७३५चा. आपल्याकडे १७३७ म्हणजे चिमाजी अप्पांची वसईची मोहीम सुरू झाली ते साल. एकोणिसाव्या शतकात लबा घराणं जोडलं गेलं आणि जोडनाव तयार झालं. जुन्या तबकड्यांवर ‘जिनिव्हा’ लिहिलेलं दिसतं, ते पुढच्या काळातलं.

मुंबईचा संबंध कुठून आला?

१८६०च्या दशकात घराण्यातला फ्रिट्झ फाव्र हा माणूस देशोदेशी हिंडून बाजार शोधत होता. त्या शोधात तो हिंदुस्थानात आला आणि मुंबईत कंपनीचा जम बसला. युरोपातल्या बऱ्याच कंपन्यांना भारत म्हणजे उरलासुरला माल खपवायची जागा वाटायची. यांच्यासाठी मात्र भारत ही मोठी, कायमची पेठ ठरली. म्हणून आज जपानी किंवा अमेरिकन संग्राहकाला हे नाव विचारलं तर तो जरा आठवून सांगेल, आणि सांगलीच्या किंवा अमरावतीच्या सत्तरीतल्या गृहस्थांना विचारलं तर ते लगेच म्हणतील, ‘अहो, माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलं होतं!’

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. परदेशी घड्याळ मिळणं अवघड झालं, आणि म्हणूनच त्याचा भाव आणि रुबाब दोन्ही वाढलं.

मग आजोबांचं ‘सी किंग’ किंवा ‘सी चीफ’ हे दणकट कामाचं घड्याळ म्हणायचं का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्याला नावच जबाबदार आहे. नाव समुद्राच्या राजाचं, पण नळाखाली धरायची सोय नाही. सी किंग आणि सी चीफ ही साधी, देखणी, रोज ऑफिसला घालायची चावीची घड्याळं. आपल्याकडे मुख्यतः हीच आली, हीच खपली.

गंमत अशी की त्याच काळात हीच कंपनी तिकडे युरोपात गिर्यारोहक आणि पाणबुड्यांसाठी भलतीच उपकरणं बनवत होती. आपल्या आजोबांना त्यांचा पत्ताही नव्हता. ज्या नावाला आपण लग्नाचं घड्याळ म्हणून ओळखतो, त्या नावामागे हवेचा आणि पाण्याचा दाब मोजणारी माणसं बसलेली होती. मला हे कळलं तेव्हा आपल्या शांत, नेमस्त आजोबांनी तरुणपणी कुस्तीचे फड मारले होते असं कळावं तसं झालं.

कामाचं घड्याळ म्हणजे नेमकं कोणतं?

वेळ दाखवण्यापलीकडे एखादं ठरावीक काम करतं ते. पाणबुड्याला पाण्याखाली गेल्याला किती मिनिटं झाली हे सांगणारी फिरती कडी, वैमानिकाला दुसऱ्या गावची वेळ दाखवणारा जादा काटा, खाणीत किंवा वीजकेंद्रात चुंबकत्वाला दाद न देणारं मशीन. नुसतं जाडजूड स्टील आणि भले मोठे स्क्रू लावले म्हणून घड्याळ कामाचं होत नाही. अशी दिखाऊ मंडळी आता मॉलमध्ये खंडीभर मिळतात.

फेव्हर ल्युबाबाबतही लोक ‘दणकट’ हा शब्द सैल वापरतात. त्यांची खरी करामत दणकटपणात नव्हती. घड्याळाला त्यांनी बाहेरची हवा कळेल अशी इंद्रियं दिली, आणि असं घड्याळ उलट जास्त नाजूक असतं. पुढचा प्रश्न त्याचाच.

बिव्हुअॅक या घड्याळाचं एवढं कौतुक का?

डोंगरात तंबूशिवाय, उघड्यावर काढलेल्या रात्रीला गिर्यारोहक बिव्हुअॅक म्हणतात. १९६२ मध्ये फेव्हर ल्युबाने त्याच नावाचं घड्याळ काढलं. हवेचा दाब आणि त्यावरून उंची दाखवणारं हे पहिलं यांत्रिक मनगटी घड्याळ. बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक सेन्सर नाही. 

आतली रचना ऐकायला सोपी आणि करायला महाकठीण आहे. पातळ धातूची, आतून हवा काढून घेतलेली एक चपटी डबी. बाहेरच्या हवेचा दाब तिला सतत चेपत असतो. तुम्ही डोंगर चढायला लागलात की वरची हवा विरळ होते, दाब कमी होतो आणि डबी केसभर फुगते. खाली उतरलात की पुन्हा चेपते. तिचं हे केसभर वरखाली होणं दातेरी चाकांतून मोठं करून एका काट्यापर्यंत पोचवायचं. भिंतीवरच्या जुन्या पितळी वायुभारमापकात हेच असतं, पण त्याला ताटाएवढी जागा मिळते. इथे तेच वेळेच्या मशीनच्या शेजारी, मनगटावर मावेल एवढ्या जागेत बसवलं होतं.

तबकडीच्या बाहेर फिरवता येणारी कडी आणि तिच्यावर ३००० मीटरपर्यंतची मोजपट्टी. माहीत असलेल्या उंचीवर उभं राहून कडी जुळवून घ्यायची आणि चालू लागायचं. ध्रुवप्रदेशांत हिंडलेले फ्रेंच संशोधक पॉल-एमिल व्हिक्टर आणि १९६४ मध्ये आल्प्समधल्या ग्रांद झोरास शिखराच्या उत्तर कड्यावर नवी वाट काढणारे गिर्यारोहक वॉल्टर बोनाती व मिशेल व्होशे यांची नावं कंपनी या घड्याळासोबत अभिमानाने घेते.

ते सह्याद्रीत चालेल का?

उंचीचा प्रश्नच नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे मोजपट्टी अर्ध्याच्या जराशी पुढे जाईल. समुद्रसपाटीला हवेचा दाब सरासरी १०१३ हेक्टोपास्कल असतो, कळसूबाईच्या माथ्यावर तो साधारण ८३० भरतो. एवढा फरक डबीला सहज कळतो.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ट्रेकला डिजिटल अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, वापरणाऱ्यांनाही ती लागू आहे. हे घड्याळ उंची मोजतच नाही. ते दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा अंदाज बांधतं. दाब नुसत्या उंचीने बदलत नाही, हवामानानेही बदलतो. खालच्या उंचीवर १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ ८ मीटर. आपल्या उष्ण कटिबंधात रोज सकाळी दहाच्या सुमाराला दाब चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमाराला ३-४ हेक्टोपास्कलने उतरलेला असतो. म्हणजे सकाळी दहाला पायथ्याच्या गावात घड्याळ जुळवलं आणि चहा-पोहे खाऊन ओसरीवर ताणून दिली, तर चार वाजता घड्याळ म्हणेल, शाबास, पंचवीस-तीस मीटर चढलात!

ऋतूंचा फरक तर याहून मोठा. जुलैत कोकण किनाऱ्यावरचा दाब जानेवारीपेक्षा आठ-दहा हेक्टोपास्कलने कमी असतो. हिवाळ्यात जुळवलेलं घड्याळ कपाटात ठेवून भर पावसाळ्यात काढलं, तर अलिबागचं घर सत्तर-ऐंशी मीटर उंच टेकाडावर गेलेलं दिसेल.

म्हणून उपाय जुनाच : खिंड, गाव, देऊळ, नकाशात उंची दिलेली कुठलीही खूण आली की कडी पुन्हा जुळवायची. आणि उलटा फायदाही घ्यायचा. रात्री मुक्कामाला तुम्ही जागचे हलला नाहीत आणि पहाटे घड्याळाने तुम्हाला पन्नास मीटर वर नेऊन ठेवलं असेल, तर दाब पडतोय, हवा बिघडायच्या बेतात आहे. आल्प्समधल्या माणसाला या काट्याचा खरा उपयोग तो होता. वर किती आलो यापेक्षा खाली कधी पळायचं हे त्याला कळायला हवं होतं.

जाता जाता : विमानात हे घड्याळ घातलं तर ते तुम्हाला दहा हजार मीटरवर नेत नाही. केबिनमधला दाब कृत्रिमपणे राखलेला असतो, त्यामुळे काटा साधारण दोन हजार मीटरच्या आसपास रेंगाळतो. महाबळेश्वरहून थोडं वर, एवढंच.

आणि बॅथी?

बॅथी हे त्यांचं पाण्याची खोली दाखवणारं घड्याळ, १९६८चं. तत्त्व तेच, फक्त हवेऐवजी पाणी. पाठीमागच्या छिद्रांतून पाणी एका लवचीक पडद्यापर्यंत येतं, पडदा दाबला जातो आणि काटा खोली दाखवतो. मीटरवाल्या घड्याळाची मोजपट्टी ५० मीटरपर्यंत होती आणि फुटांतल्याची १६० फुटांपर्यंत.

दोन्हीतला फरक मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. हवेत १० मीटर चढलात तर दाब १ हेक्टोपास्कलच्या थोडा वर बदलतो. पाण्यात १० मीटर उतरलात तर तो जवळजवळ १००० हेक्टोपास्कलने वाढतो, म्हणजे एका अख्ख्या वातावरणाइतका. एका घड्याळाला कुजबुज ऐकायला शिकवायचं आणि दुसऱ्याला तोफेशेजारी उभं राहायला. सहा वर्षांत एकाच कंपनीने दोन्ही केलं, याचं मला बिव्हुअॅकपेक्षाही अप्रूप आहे. १९६४चं डीप ब्लू हे या दोघांच्या मधलं, साधं पाणबुडी घड्याळ.

तारकर्लीला स्कूबा करणाऱ्यांनी विचारलंय म्हणून सांगतो : तिथे हौशी लोकांना जेवढं खाली नेतात तेवढ्यासाठी खोलीचा काटा लागत नाही. आणि पन्नास-साठ वर्षांचं जुनं बॅथी घालून पाण्यात उतरणं म्हणजे पणजीचा शालू नेसून चिखल तुडवणं.

‘ट्विन बॅरल’ असं लिहिलेलं असतं, ते काय?

चावी दिल्यावर जी स्प्रिंग गुंडाळली जाते ती एका डबीत बसलेली असते, तिला बॅरल म्हणतात. बहुतेक घड्याळांत एक असते. फेव्हर ल्युबाने १९६२ मध्ये एफएल २५१ हे मशीन काढलं, त्यात दोन बसवल्या. फायदे दोन : घड्याळ साधारण ५० तास चालतं, आणि जोर दोन स्प्रिंगांत वाटला गेल्याने तो शेवटपर्यंत बराचसा सारखा राहतो. हे सगळं २.९५ मिलिमीटर जाडीत. दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली तरी जाडी एवढीच भरेल.

हे सगळं फोनवर फुकट मिळतं. मग कशाला?

गरज म्हणून कुणी घेऊ नये. कुणी तसं पटवायला लागलं तर तो विकायला बसलाय असं समजा. फोनला उंची उपग्रहांकडून कळते, बऱ्याच फोनमध्ये दाबमापकही असतो, आणि तो या काट्यापेक्षा अचूक असतो.

पण फोन आकडा देतो. हे घड्याळ कारण दाखवतं. काटा हलतो तेव्हा हवा खरोखर विरळ झालेली असते आणि त्या विरळ हवेनेच तो काटा ढकललेला असतो, मध्ये कुणी नाही. घाटात गाडी चढताना मित्राच्या मनगटावर तो लाल काटा सरकताना मी पाहिलाय. कान बंद झाले त्याच वळणावर. मला एवढं पुरतं. तुम्हाला पुरत नसेल तर पैसे वाचले.

इतकं चांगलं होतं तर कंपनी बुडाली का?

१९६९च्या डिसेंबरात जपानच्या सेइकोने ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं, मनगटी घड्याळ आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत निम्म्याहून जास्त स्विस धंदा कोलमडला. स्वस्त क्वार्ट्झ घड्याळ महागड्या यांत्रिक घड्याळापेक्षा अचूक चालायला लागलं. फेव्हर ल्युबाने तग धरायचा प्रयत्न केला, पण १९८०च्या दशकात आठ पिढ्यांचं घराणं धंद्यातून बाहेर पडलं. त्यानंतर नाव या हातातून त्या हातात फिरत राहिलं.

ती आता भारतीय कंपनी आहे म्हणतात, खरं का?

मालकी भारतीय, घड्याळं स्विस. २०११ मध्ये टाटा समूहाच्या टायटनने हे नाव सुमारे २० लाख युरोंना विकत घेतलं. भारतात चावीच्या घड्याळांना घरी बसवलं ते मुख्यतः टायटनच्या क्वार्ट्झ घड्याळांनी. त्याच टायटनने चावीच्या घड्याळांचं आपलं सर्वांत लाडकं नाव विकत घ्यावं, यात नियतीची थोडी चेष्टा आहे.

टायटनच्या काळातली घड्याळं धाडसी होती हे मान्य करायला हवं. बिव्हुअॅक ९००० टायटॅनियमचं, ४८ मिलिमीटरचं, चावीचं, आणि नावाप्रमाणे ९००० मीटरपर्यंत उंची दाखवणारं. लाल काटा एका फेरीत ३००० मीटर मोजतो आणि एकूण किती चढलात हे छोट्या तबकडीवर दिसतं. अमेरिकन गिर्यारोहक एड्रियन बॅलिंजर २०१८ मध्ये ते घालून एव्हरेस्टवर गेले. त्याच वर्षी १२० मीटरपर्यंत खोली दाखवणारं आणि गाठलेली सर्वांत जास्त खोली लक्षात ठेवणारं बॅथी आलं. पण ४८ मिलिमीटरचं घड्याळ म्हणजे मनगटावर वाटी बांधल्यासारखं, आणि किंमत अशी की आजोबांच्या आठवणीने हळवा झालेला माणूस तिथेच सावध व्हावा. चाललं नाही.

२०२३ मध्ये घड्याळांची दुकानं चालवणाऱ्या इथॉस या भारतीय कंपनीच्या स्विस शाखेने नाव घेतलं आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात चीफ, सी-स्काय, डीप ब्लू अशी नवी मांडणी केली. आकार आटोपशीर झालेत, रंग सुंदर आहेत. पण ही आता नेहमीच्या वळणाची, चांगली स्विस घड्याळं आहेत. दाब मोजणारी डबी त्यात नाही, आणि मला तिचीच उणीव भासते.

चोर बाजारात किंवा ऑनलाइन जुनं मिळतंय, चकाचक आहे. घेऊ का?

चकाचक आहे म्हणूनच थांबा. जगभरचे संग्राहक ज्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात तो प्रकार असण्याची शक्यता दाट आहे. चार मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करायचं, केस घासून नवी दिसेल अशी करायची, तबकडी खरवडून वर नारिंगी, मोरपंखी किंवा दोन रंगांचा नवा मुलामा द्यायचा आणि ‘सी किंग’ छापून मोकळं व्हायचं. करणाऱ्याच्या हातातली कला मोठी असते, त्याबद्दल दुमत नाही. पण ते कारखान्यातून तसं आलेलं नसतं.

पाहायचं काय, तर आधी छपाई. भिंगातून अक्षरं फुगीर, कडा तुटक दिसतात का? तळाशी सहाच्या अंकाजवळ ‘स्विस मेड’ सरळ आणि जागेवर आहे का? काट्यांवरचा आणि तबकडीवरचा चमकणारा लेप एकाच वयाचा वाटतो का? पट्टा जिथे अडकतो त्या शिंगांच्या कडा गुळगुळीत झाल्यात का? मग पाठ उघडायला सांगा. मशीनवर कंपनीचं नाव आणि एफएलने सुरू होणारा क्रमांक दिसायला हवा. दुकानदार उघडायला का-कू करू लागला तर चहा पिऊन घरी या.

जुनी, पिवळट पडलेली, डागाळलेली पण मूळ तबकडी नेहमी चांगली. तिच्यावरचा चमकणारा लेप मात्र खरवडू नका. साठच्या दशकापर्यंत त्यात रेडियम वापरत असत. काचेच्या आत बंद आहे तोवर ठीक, त्याची भुकटी श्वासातून जायला नको.

पावसात घालू का?

जुनं असेल तर नको. आतली रबरी चकती केव्हाच कडक झालेली असते. आमचं सी किंग एकदा नुसत्या जूनच्या दमट हवेत काचेच्या आतून धुरकटलं होतं, पाण्याचा थेंबही लागला नव्हता. तसं झालं तर उन्हात तापवू नका, तांदळाच्या डब्यात तर मुळीच नको. त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या.

दुरुस्ती कोण करतं?

चावीची साधी मशिनं करणारे जुने कारागीर महाराष्ट्रात अजून बऱ्याच शहरांत आहेत. देवळाच्या नाहीतर स्टॅंडच्या आसपास, एका टेबलाएवढ्या जागेत, डोळ्याला भिंग लावून. चार-पाच वर्षांनी एकदा खोलून ऑइलिंग करून घ्या, चालतंय म्हणून तसंच ठेवू नका. सुकलेल्या तेलात चाकं झिजतात. घड्याळ अचानक दिवसाला दहा-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं तर घाबरू नका, बहुधा फोनच्या चुंबकी कव्हराजवळ ठेवलेलं असतं. मिनिटभरात ते चुंबकत्व उतरवता येतं.

बिव्हुअॅक आणि बॅथी मात्र त्या टेबलावर देऊ नका. घड्याळाचा भाग तो कारागीर करेल, दाबाची डबी नाही करणार, आणि तिचे सुटे भाग मिळणं दुर्मीळ. विकत घेतानाच काटा हलतो का ते पाहायचं. उंच इमारतीच्या लिफ्टने वर जाऊन बघा. तीस मजल्यांत साधारण शंभर मीटर होतात, एवढ्यात काटा थोडासा तरी सरकायला हवा.

पट्टा कोणता लावू?

आपल्या घामात चामड्याचा पट्टा दोन उन्हाळे टिकला तर नशीब. मी ऑक्टोबर ते फेब्रुवारी चामडं आणि बाकी वर्षभर नायलॉनचा कापडी पट्टा लावतो. तो रात्री साबणाने धुतला की सकाळी वाळलेला असतो. आजोबांनी आयुष्यभर स्टीलचा, ताणून घालायचा, केस ओढणारा पट्टा वापरला. तो मी डब्यात जपून ठेवलाय. लावत नाही.